पाण्याच्या ताळेबंदात मूल कुठे?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पाठोपाठ आणखी १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचं मान्य झालं. अशा जाहीरनाम्यासोबत सवलतींची एक ठरलेली यादी येते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत थोडी शिथिलता, गरज पडेल तिथे टँकर आणि थकबाकीपोटी पंपाची वीज न तोडणं. एकूण आठ कलमं.

आठांपैकी एक विद्यार्थ्यांचं, म्हणजे मुलांचा विचार झाला असं वरवर वाटतं. पण पहिली ते आठवीचं शिक्षण कायद्यानेच मोफत आहे. परीक्षा शुल्काची माफी कामाला येते ती दहावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या पोरांना. दुष्काळात ज्या मुलाची शाळा सुटते, ज्याच्या ताटातली डाळ पातळ होते, ज्या मुलीच्या डोक्यावर दुसरा हंडा चढतो, त्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी या यादीत काहीच नाही.

यादी करणारे निर्दयी होते असा याचा अर्थ नाही. त्यांनी जे मोजता येतं ते मोजलं. दुष्काळ कुठे पडला हे ठरवण्यासाठी केंद्राची २०१६ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता पाऊस, पेरणीचं क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, धरणातला साठा आणि भूजल पाहते. शाळेचा हजेरीपट त्यात नाही. मराठवाड्यातलं कुटुंब गाव सोडतं तेव्हा पहिली खूण उमटते ती त्याच हजेरीपटावर. उपग्रहाला करपलेली तूर दिसते, पण चौथीच्या वर्गातली रिकामी बाकं दिसत नाहीत.

हवामान बदलतंय हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पाऊस एकदम पडतो, मग महिनाभर दडी मारतो, आणि गारा फेब्रुवारीत येतात. त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी राज्यात पैसाही आला आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ साली सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी ‘पोकरा’, पाच हजारांहून अधिक गावांत पोचला. तुषार संच, ठिबक, शेडनेट, शेततळी, फळबागा असं पुष्कळ काही त्यातून उभं राहिलं. गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. पाऊस किती, अडवला किती, माणसांना किती, जनावरांना किती आणि पिकांना किती. हे काम चांगलंच आहे. प्रश्न इतकाच की या जुळवून घेण्याचा भार घरात कुणाच्या अंगावर पडतो, हे त्या ताळेबंदात कुठे दिसतं?

काळ्या कागदाचं तळं

शेततळ्यापासून सुरुवात करू, कारण जुळवून घेण्याच्या धोरणाचं ते सगळ्यांत ठळक रूप आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान, जास्तीत जास्त ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल खड्डा. त्याच्या आधीपासून फळबागांसाठी अस्तराची मोठी सामूहिक तळी होतीच. आज जालना, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यात कुठल्याही टेकाडावरून खाली पाहिलं, तर मोसंबीच्या, द्राक्षाच्या, डाळिंबाच्या बागांमधून काळे चकचकीत चौकोन दिसतात. एप्रिलमध्ये आसपासच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाही ते काठोकाठ भरलेले असतात.

त्या चौकोनाच्या काठावर उभं राहून पाहावं. चारी बाजूंनी आत उतरणारा तीव्र उतार, आणि त्यावर अंथरलेला अर्धा मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा कागद. पाण्याच्या रेषेलगत हिरवट शेवाळाचा पट्टा. कोरड्या कागदावर चप्पल कशीबशी टिकते, ओल्यावर नाही. मातीच्या तळ्यात पाय चिखलात रुततो, पण त्याच चिखलात बोटं रोवून वर येता येतं. इथे धरायला दगड नाही, मूळ नाही, गवताची काडीही नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठापर्यंत येतो आणि काठावरून परत आत घसरतो. एक मूल पडलं की दुसरं त्याला हात द्यायला जातं आणि तेही जातं, त्यांच्यामागे आई किंवा बाप उडी टाकतो. एकाच घरातले दोघे-तिघे एकाच तळ्यात गेल्याच्या बातम्या म्हणून दर उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पानावर असतात.

या बातम्या छापून येतात, पण त्यांची कुठे बेरीज होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात बुडून मेलेल्यांचे तीन रकाने आहेत: बोट उलटून, चुकून पाण्यात पडून आणि इतर. विहीर, नदी, खाण आणि शेततळं एकाच रकान्यात. शेततळ्यांमुळे किती हेक्टर भिजलं हे कृषी विभागाला सांगता येतं. त्यात किती मुलं बुडाली याचा आकडा त्या नोंदीतून निघत नाही.

आणखी एक तपशील. शेतकरी कुटुंबातल्या अपघातासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. बुडून मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५. शेताच्या बांधावर खेळता खेळता तळ्यात घसरणारं पोर बहुधा चार, सहा, आठ वर्षांचं असतं. ते या योजनेत बसत नाही.

जुनी माणसं यात एक वेगळीच गोष्ट जोडतात, आणि ती विचार करण्यासारखी आहे. पूर्वी गावातली पोरं पोहायला शिकत ती विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, काका किंवा थोरला भाऊ पायऱ्यांवर उभा, आणि आठवडाभरात पोरगं तरंगायला लागायचं. आता उन्हाळ्याच्या सुटीत त्या विहिरींना पाणीच नसतं. पोहणं शिकवणारं पाणी आटलं आणि बुडवणारं पाणी योजनेतून आलं. उकाड्याने कावलेल्या दहा वर्षांच्या मुलाला आसपास दिसणारं एकमेव निळं पाणी म्हणजे शेततळं. त्याने तिकडे जाऊ नये अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

शेततळ्याची दुसरी बाजूही मुलांपर्यंत पोचते, मात्र आडवळणाने. शेततळं हे पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवण्यासाठी, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते बोअर आणि विहिरीच्या पाण्याने भरलं जातं. ईश्वर काळे यांनी २०१७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त यावर सविस्तर लिहिलं आहे. जमिनीखालचं, सगळ्या गावाचं पाणी उपसून एकाच्या तळ्यात उघड्यावर ठेवायचं, तिथे त्यातलं काही उन्हाने उडून जायचं आणि शेजारच्या पिण्याच्या विहिरीची पातळी खाली जायची. विहीर खाली गेली की पाणी लांब जातं. पाणी लांब गेलं की ते आणायला कोण जातं, हे कुणी सांगायला नको. २०१६च्या एप्रिलमध्ये, लातूरला रेल्वेने पाणी येत होतं त्याच दिवसांत, बीड जिल्ह्यात हातपंपावर खेपा घालणारी बारा वर्षांची मुलगी उन्हाने कोसळली आणि गेली. बातमी देशभर झाली. धोरणात ती कुठेच आली नाही.

जनावरामागे शंभर रुपये

२०१८-१९चा दुष्काळ आठवा. २०१९च्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते आणि बीड, अहमदनगर, सोलापूर, साताऱ्याकडे चारा छावण्या लागल्या होत्या. छावणीचा हिशेब चोख होता. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये, मग वाढवून १००. लहान जनावरामागे ५०. चाऱ्याचं वजन, पेंडीचं वजन, रोजची मोजणी, जनावरांच्या कानातले बिल्ले, सगळं ठरलेलं.

पण जनावर एकटं छावणीत राहत नाही. त्याच्याबरोबर माणूस येतो, आणि माणसाबरोबर घर दुभंगतं. कुठे आई छावणीत आणि मुलं गावात आजीपाशी, कुठे बाप कामाच्या शोधात आणि आठवीतला मुलगा म्हशींपाशी. पालाखाली रात्र काढायची, सकाळी शेण भरायचं, कुट्टी टाकायची, मग वेळ उरला तर शाळा. त्या वर्षी प्राथमिक शाळेतल्या एका मुलाच्या दुपारच्या जेवणाचा शिजवण्याचा खर्च साडेचार रुपयांच्या घरात होता, तांदूळ वेगळा. म्हशीला शंभर मिळाले याचं दुःख नाही. तिच्यावर घर चालतं, ती जगलीच पाहिजे. सांगायचं एवढंच की दुष्काळात म्हशीची भूक वाढीव दराने धरली गेली, मुलाची मात्र नेहमीच्याच दराने.

मुलांच्या भुकेची आठवण सरकारांना करून दिली ती सर्वोच्च न्यायालयाने. स्वराज अभियानाच्या याचिकेवर मे २०१६मध्ये न्यायालयाने सांगितलं की, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही शाळेतलं जेवण चालू ठेवा, आणि आठवड्यातून शक्यतो पाच दिवस, निदान तीन दिवस तरी अंडं किंवा दूध किंवा तितकंच पौष्टिक काही द्या. आदेश नेमका होता, कारण त्याने दुष्काळाचा विचार मुलाच्या ताटापासून सुरू केला. पण सुटीत खिचडी शिजवायची तर शिजवणारी मावशी हवी, तिचं मानधन वेळेवर हवं, शाळेच्या टाकीत पाणी हवं, आणि मुळात मुलं गावात हवीत. ज्या गावाला या जेवणाची सगळ्यांत जास्त गरज, त्याच गावातली कितीतरी मुलं आई-बापांबरोबर गाव सोडून गेलेली असतात.

कोयत्यामागे जाणारी पोरं

दर दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगावकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीसाठी ट्रॅक्टरमध्ये संसार भरतात. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. धान्याची पोती, पत्रा, बांबू, कोंबड्या आणि वर मुलं. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाच्या कडेला पाचटाची कोपी बांधायची आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच राहायचं.

या स्थलांतराला धोरणाच्या भाषेत अजून जुळवून घेणं म्हणत नाहीत. पण कोरडवाहू शेतकऱ्याने बेभरवशाच्या पावसावर स्वतः काढलेला तोडगा हाच आहे. सरकारी योजनेत ज्याच्या नावावर जमीन त्याला शेततळं, ठिबक, शेडनेट. ज्याच्याकडे दोन एकर माळरान किंवा तेवढंही नाही, त्याला कोयता. त्या कोयत्याची वाटणी घरातही होते. पहाटे आई-बाप फडात गेले की दहा वर्षांची मुलगी कोपीत भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. बारा-तेराचा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधतो. वयात आलेल्या मुलीला गावी एकटं ठेवायची भीती वाटते आणि फडावर सोबत न्यायचीही भीती वाटते. मग लवकर लग्न लावून दिलं जातं. लग्न झालं की नवा कोयताही तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं, बीडमध्ये जवळपास ४४ टक्के.

उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा झाल्या. मुलांना गावातच ठेवून जेवण देणारी हंगामी वसतिगृहं आली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक मिळतं. ते दाखवलं की कागदपत्रांवाचून जवळच्या शाळेत बसवून घ्यायचं. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर झाली. यातली प्रत्येक गोष्ट योग्य आहे. अडतं ते वेळेवर. हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि वसतिगृहाची मंजुरी, निधी, किराणा यांची साखळी त्याच्या आत पुरी व्हावी लागते. ट्रॅक्टर निघून गेल्यावर आलेला निधी त्या मुलाच्या काय कामाचा? पत्रकाचंही तसंच. ते हातात असतं, पण फडापासून शाळा तीन-चार किलोमीटरवर असते आणि पंधरा दिवसांनी फड बदलतो.

मुळात गोष्ट अशी की ऊसतोड, शिक्षण, पाणलोट आणि बालविवाह ही चार खात्यांची चार कामं मानली जातात. पाणलोटाचं काम झालेल्या गावातून किती मुलांचं स्थलांतर थांबलं, हा त्या कामाच्या यशाचा निकष कधी नसतो. किती हजार घनमीटर पाणी अडलं, हा असतो.

शाळा वाचली, मूल उन्हात

चौथी गोष्ट उन्हाची. उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा करणारं अहमदाबाद हे २०१३ साली देशातलं पहिलं शहर ठरलं. मग नागपूर आणि इतर शहरं आली. २०२३मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चच्या आदित्य वलियाथन पिल्लई आणि तमन्ना दलाल यांनी देशातले ३७ आराखडे तपासले, तेव्हा कुणाला सर्वाधिक धोका आहे याचं प्रत्यक्ष मूल्यमापन केलेले फक्त दोन निघाले. बाकीच्यांत वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं असा एक ठरीव उल्लेख असतो, त्यापुढे फारसं काही नसतं.

मुलांपुरता आपला हुकमी उपाय म्हणजे सकाळची शाळा. मार्च २०२५च्या अखेरीस राज्याने प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ केली. त्याच वर्षी परीक्षा मात्र राज्यभर २५ एप्रिलपर्यंत ताणल्या गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला होता. एकेक आदेश घेतला तर त्याला कारण आहे. पण आता मुलाच्या बाजूने दिवस पाहू. सव्वाअकराला शाळा सुटते. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं. मूल दीड-दोन किलोमीटर चालत घरी येतं. आई-बाप कामावर. घरावर पत्रा. बारा ते चार या वेळात त्या पत्र्याखाली बसण्यापेक्षा शाळेची जाड भिंतीची, पंखा आणि पिण्याचं पाणी असलेली खोली नक्कीच बरी. शाळा लवकर सोडून आपण शाळेला उन्हापासून वाचवलं. मुलाला मात्र नेमकं उन्हातच पाठवलं, आणि घरी कुणी नसलेलं मूल तळ्याकडे वळण्याची वेळही हीच.

युनिसेफच्या हिशेबानुसार २०२४ साली हवामानाच्या तडाख्यामुळे जगभरात २४ कोटींहून अधिक मुलांचं शिक्षण विस्कळित झालं. भारतात उष्णतेच्या लाटेची झळ सुमारे साडेपाच कोटी विद्यार्थ्यांना बसली. यावर उत्तर म्हणून सुट्या वाढवणं सोपं आहे. पण सुटी म्हणजे जेवण बंद, पाणी बंद आणि डोळ्याखाली ठेवणारं माणूसही बंद. उन्हाळ्यात शाळेची इमारत दिवसभर सावलीची जागा म्हणून उघडी ठेवणं, तिथे अंगणवाडीताईला किंवा बचतगटातल्या कुणाला मानधनावर बसवणं, पांढऱ्या रंगाने पत्रा थंड करणं, माठ भरून ठेवणं, याला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

हक्क म्हटलं की काय बदलतं

१९९२ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर मान्यतेची मोहोर उमटवली. त्या संहितेच्या समितीने ऑगस्ट २०२३मध्ये पर्यावरण आणि हवामान बदलावर २६वी सर्वसाधारण टिप्पणी प्रसिद्ध केली. १२१ देशांतल्या मुलांकडून आलेली १६ हजारांहून अधिक मतं तिच्या मागे आहेत. हवामानाशी जुळवून घेण्याचं कुठलंही पाऊल मुलांवर काय परिणाम करील हे आधी तपासा, आणि मुलांना विचारा, हा तिचा गाभा. आपल्याकडे उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडेने २०१७ साली, नऊ वर्षांची असताना, राष्ट्रीय हरित लवादाकडे हवामान बदलाबद्दल दाद मागितली होती. २०१९मध्ये लवादाने ती याचिका निकाली काढली. पुढे २०२४ साली माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, एम. के. रणजितसिंह प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१व्या कलमांत शोधला. पाया आता आहे. पैसा मात्र त्याच्यामागे आलेला नाही. युनिसेफ आणि इतर संस्थांनी २०२३मध्ये प्रमुख बहुपक्षीय हवामान निधी तपासले, तेव्हा मुलांच्या गरजा लक्षात घेणाऱ्या कामांकडे जाणारा वाटा २.४ टक्के निघाला.

मुलांचा जीव हा हवामानाच्या धोरणाचाच विषय आहे असं मानलं की काय करता येतं, हे शेजारच्या बांगलादेशात दिसतं. पुराच्या त्या देशात पाच वर्षांखालची मुलं सर्वाधिक बुडतात ती घराजवळच्या पुकुरात म्हणजे तळ्यात, सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई कामात असताना. संशोधकांनी ही वेळ शोधली आणि नेमक्या त्याच चार तासांसाठी गावातल्याच एका बाईच्या घरी ‘आँचल’ नावाची बालवाडी सुरू केली. मोठ्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मांडव घालून पोहायला शिकवलं. या बालवाड्यांनी लहानग्यांचं बुडणं मोठ्या प्रमाणात रोखलं, आणि २०२२ साली तिथल्या सरकारने १६ जिल्ह्यांत ८ हजार केंद्रांचा कार्यक्रम मंजूर केला. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधाचा आराखडा काढला आहे. तो कृषी विभागाच्या टेबलापर्यंत पोचायला हवा, कारण आपल्याकडची नवी तळी तिथून मंजूर होतात.

म्हणून मुलांसाठी आणखी एक वेगळी योजना काढा, असं म्हणण्यात अर्थ नाही. योजना भरपूर आहेत. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई लावायची, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ‘बालस्नेही गाव’ हा विषयही आहे आणि ‘जलसमृद्ध गाव’ हाही. फक्त दोन्ही वेगवेगळ्या पानांवर आहेत. जे पैसे पाण्यावर, शेतीवर, उन्हावर खर्च होणारच आहेत, त्यांना मुलाची अट जोडणं हे खरं काम. दुष्काळाच्या निकषांत शाळेची हजेरी घ्या. वसतिगृहाचा निधी गाळपाच्या परवान्याआधी द्या. पाणलोटाच्या यशात स्थलांतर न झालेली मुलं मोजा. अपघात अनुदानातली दहा वर्षांची खालची मर्यादा काढा.

आणि शेततळ्याचं तर सगळ्यांत सोपं आहे. काम झालं की कृषी विभागाचा कर्मचारी तळ्याचा अक्षांश-रेखांशासह फोटो काढून वर पाठवतो आणि मग अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतं. ही पद्धत आजही आहे. त्या फोटोत चार बाजूंना चार गाठी मारलेले दोर, दोन जुनी टायर आणि पुरतं कुंपण दिसलंच पाहिजे, नाहीतर अनुदान अडेल, असं एक वाक्य मार्गदर्शक सूचनांत घालायचं. लाखभर रुपयांच्या तळ्यात दोर-टायरचा खर्च हिशेबातसुद्धा येणार नाही. ते वाक्य घालायला नवा निधी लागत नाही, नवं खातं लागत नाही, जागतिक बँकेची परवानगीही लागत नाही. लागते फक्त मंत्रालयातली एक सही, आणि ती पुढच्या उन्हाळ्याच्या आत व्हायला हवी.